शत्रूचं नाव नसलेले दगड

कल्याणजवळच्या मोहन्याच्या बंधाऱ्यावरून उल्हास नदीकडे पाहिलं तर आज दिसतात ते पाणी उचलणारे पंप, हंगामात पसरलेली जलपर्णी आणि 2009 पासून बंद असलेल्या एनआरसी कंपनीचा परिसर. कल्याण-डोंबिवलीतल्या असंख्य घरांच्या नळाला येणारं पाणी इथूनच उचललं जातं. नदी पुढे कल्याणला वळसा घालते, तिची खाडी होते आणि पश्चिमेला वसईजवळ ती समुद्राला मिळते. या पाणवाटेवरचं कल्याण बंदर फार जुनं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका समुद्रप्रवासाच्या टिपणांत त्याचं नाव येतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणची माणसं आहेत. बंदर असलं की जकात आली, जकात आली की राजे आले. मग लढाया टळत नाहीत.

अशाच एका लढाईचं चित्र अजून शिल्लक आहे. वसईच्या खाडीला उत्तरेकडे ठेवून खाली उतरलं की बोरिवली पश्चिमेत एकसर लागतं. एके काळचं गाव, आता इमारतींच्या गर्दीत हरवलेलं. तिथे सहा शिळा आहेत. त्यातल्या मोठ्या सुमारे दहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि जेमतेम वीतभर जाड. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचा 1882 सालचा खंड उघडलात तर या दगडांचं चौकटीगणिक वर्णन मिळतं. तेव्हा ते एका तळ्याकाठी झाडीत उभे होते. गॅझेटियर लिहिणाऱ्यांना तिथे जे दिसलं ते आजही पाहणाऱ्याला थक्क करतं. दगडावर समुद्र आहे, आणि समुद्रात आरमार आहे.

उंच नाळेची जहाजं एका ओळीत निघाली आहेत. प्रत्येकावर डोलकाठी, बाजूला वल्ह्यांची रांग, वर धनुष्य ताणलेली माणसं. वरच्या चौकटीत तीच जहाजं शत्रूच्या जहाजाला भिडतात, आणि जखमी माणसं पाण्यात कोसळताना दिसतात. दुसऱ्या काही शिळांवर जमिनीवरची लढाई आहे. तिथे घोडेस्वार आहेत, हत्ती आहेत, पायदळ आहे. कॅमेरा निघायला सहाशे वर्षं बाकी असताना कोणीतरी छिन्नी घेऊन काळ्या पाषाणात युद्धाची बातमी कोरून ठेवली.

हे दगड म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रात वीरगळ नाही असा तालुका सापडणं कठीण. देवळाच्या आवारात, गावच्या वेशीवर, पिंपळाच्या पारावर, शेताच्या बांधाला, कधी विहिरीच्या पायरीला उलटे बसवलेले. आपण त्यांच्यावर बसतो, नारळ फोडतो, कपडे वाळत घालतो. ते वाचायचे असतात हे बहुतेकांच्या गावी नसतं. आणि वाचणं अवघड मुळीच नाही. वीरगळ ही दगडातली चित्रकथा आहे, फक्त ती खालून वर वाचायची.

सगळ्यात खालच्या चौकटीत वीर कसा मेला ते असतं. पुष्कळदा तो आडवा पडलेला दिसतो आणि त्याच्याच वर तोच लढताना दिसतो, म्हणजे आधी आणि नंतर एकाच चौकटीत. खाली गाईंची रांग कोरलेली असली तर गुरं पळवून नेणाऱ्या टोळीशी झुंजताना तो पडला. वाघ असेल तर वाघाशी झुंजताना. हत्ती-घोडे असतील तर मोठी लढाई, जहाज असेल तर दर्यावरची. त्याच्या वरच्या चौकटीत दोन्ही बाजूंना अप्सरा आणि त्यांच्या मध्ये वीर, कधी हात धरून, कधी विमानात बसवून त्या त्याला वर नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, शेजारी पुजारी, कधी नंदी. आणि माथ्यावर कलश, त्याच्या अंगाला चंद्र आणि सूर्य. जोवर हे दोघे आकाशात आहेत तोवर याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ.

अक्षरओळख नसलेल्या गुराख्यालाही हे सगळं कळत होतं. कर्नाटकात वीरगळांवर लेख कोरायची रीत भरपूर होती, त्यामुळे तिथल्या दगडांवर नाव, गाव, राजा, साल सापडतं. आपल्याकडचे बहुसंख्य वीरगळ मुके आहेत. चित्र आहे, नाव नाही. गेली काही वर्षं या मुकेपणाचा विचार करताना मला असं वाटू लागलंय की आपल्या दगडांचं खरं नवल त्यातच आहे. सांगतो.

एकसरच्या दगडांवरही वाचता येईल असा लेख नाही. मग ही लढाई कोणाची? अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत मागे नेणारे अभ्यासक आहेत. पण महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखांचा अभ्यास करताना जी संगती लावली ती मला पटते. नवव्या शतकापासून उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. अंबरनाथचं शिवमंदिर त्यांच्याच काळातलं, शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चं. मोहन्याच्या पश्चिमेला लोनाडजवळ चौधरपाड्याला त्यांच्या केशिदेवाचा शके 1161 चा शिलालेख सापडला आहे. म्हणजे हा सगळा उल्हास-काळू नद्यांचा पट्टा त्यांच्याच अमलाखालचा. या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर. उरणजवळ रानवड आणि चांजे इथे त्याचे शके 1181 आणि 1182 चे लेख आहेत. त्यानंतर तो गप्प होतो. कारण घाटावरून देवगिरीचा यादव राजा महादेव कोकणात उतरला होता.

पुढे काय झालं ते आपल्याला जिंकणाऱ्याकडून कळतं. महादेवाचा मंत्री हेमाद्री, आपला हेमाडपंत. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथातल्या व्रतखंडाला जोडलेल्या प्रशस्तीत या स्वारीचं वर्णन आहे. महादेवाच्या हत्तींच्या सैन्यापुढे सोमेश्वराला जमिनीवर टिकता आलं नाही, तो समुद्रावर गेला आणि तिथेच बुडाला. हेमाद्री एवढ्यावर थांबत नाही. महादेवाच्या क्रोधाच्या आगीपेक्षा समुद्राच्या पोटातला वडवानल सोमेश्वराला बरा वाटला, असा टोमणाही तो मारून घेतो. साल साधारण 1265. उत्तर कोकणचं शिलाहार राज्य तिथे संपलं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे दरबारातली प्रशस्ती. तिच्यात जिंकणाऱ्याचं नाव आहे, हरणाऱ्याचं नाव आहे आणि हरणाऱ्याची टिंगल आहे. दुसरीकडे, मिराशींचं म्हणणं मानलं तर, त्याच लढाईचे दगड. हत्ती आहेत, जहाजं आहेत, बुडणारी माणसं आहेत, सगळं हेमाद्रीच्या वर्णनाशी जुळतं. पण दगडावर कोणाचंच नाव नाही. यादवांचे कोण, शिलाहारांचे कोण, ते कोरणाऱ्याने सांगितलेलं नाही. शत्रूच्या चेहऱ्याला दात विचकायला लावलेले नाहीत, त्याला राक्षस केलेलं नाही, त्याची जहाजंही तशीच नेटकी आहेत. कोण कोणावर बाण सोडतंय एवढ्यावरून बाजू ओळखायच्या. पाण्यात पडणारा माणूस तर कुठल्याही बाजूचा असू शकतो.

दगड घडवणाऱ्याला हे सगळं मुद्दाम करायचं होतं असा माझा दावा नाही. त्याला मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दगड सांगितला, त्याने ठरलेल्या रीतीने घडवला. पण रीतच अशी होती की तिच्यात शत्रूला जागा कमी. सहसा चार चौकटींपैकी एकच लढाईची. बाकीच्या तिन्हींमध्ये वैर नावालाही नाही. बघणाऱ्याची नजर जसजशी वर चढते तसतसं युद्ध खाली राहतं, आणि माथ्याशी पोचेपर्यंत उरतात ते चंद्र-सूर्य. शिल्पाच्या मांडणीतच सूड मागे टाकण्याची सोय करून ठेवलेली आहे. आजच्या कुठल्या युद्धस्मारकाच्या आराखड्यात एवढा विचार दिसतो?

जाता जाता आणखी एक. एकसरच्या दगडांमुळे इतिहासकारांना अनपेक्षित ठेवा मिळाला. मध्ययुगात आपल्या किनाऱ्यावरची लढाऊ जहाजं दिसायची कशी, याचे पुरावे विरळ आहेत, कारण लाकूड खाऱ्या पाण्यात टिकत नाही. नाळ किती उंच, डोलकाठी कुठे, वल्ही कशी, तिरंदाज कुठे उभे राहत, हे सांगायला जे थोडे दगड आहेत त्यांत एकसर अग्रभागी. गोव्यात कदंबकालीन वीरगळांवरही जहाजं आहेत, कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या पाळियांवरही जहाजातला वीर दिसतो. जहाजबांधणीचा हा दस्तऐवज कुठल्या सुताराने लिहिला नाही, शोक करणाऱ्यांनी तयार करवून घेतला.

मग या दगडांचं पुढे काय झालं? जे झालं ते अभ्यासण्यासारखं आहे. पुण्यात राहून धनगरांच्या देवतांचा अभ्यास करणारे जर्मन विद्वान गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातल्या वीरगळांवर आणि सतीशिळांवर लिहिलं. एस. सेट्टर आणि त्यांनी मिळून संपादित केलेला स्मारकशिळांवरचा ग्रंथ 1982 साली धारवाडहून निघाला. आपल्या ठाण्यातले इतिहास-अभ्यासक सदाशिव टेटविलकर यांनीही गावोगाव फिरून वीरगळांची नोंद केली. या साऱ्या कामातून पुन्हा पुन्हा दिसतं ते असं, की नाव विसरलं गेलं म्हणून दगड टाकून दिला गेला नाही. त्याला शेंदूर लागला. कुठे तो वेताळ झाला, कुठे भैरोबा, कुठे म्हसोबा, कुठे नुसताच ‘वीर’. घरातला मेलेला मुलगा पाच-सहा पिढ्यांत गावाचा राखणदार झाला. आणि राखणदार झाल्यावर तो कोणाच्या बाजूने लढला होता हा प्रश्नच संपला. ज्याने त्याला मारलं त्याचे वंशज त्याच गावात नांदत असतील तर तेही त्याच्यापुढे नारळ ठेवतात.

नाशिकला धुळवडीच्या दिवशी गेलात तर हे जिवंत पाहायला मिळेल. तिथे त्या दिवशी वीर मिरवतात. घरातल्या पराक्रमी पूर्वजाचा देव्हाऱ्यातला टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवतात, लहान मुलांना देवांचे, वीरांचे वेष देतात आणि वाजतगाजत गोदाकाठी नेतात. गर्दी होते ती दाजीबा वीराच्या मिरवणुकीला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटी आकृती, बोटभर. वीरगळाचं हे घरगुती रूप. वर्षातून एकदा त्याला नदीवर न्यायचं, आंघोळ घालायची, नाचवायचं. कशात मेला, कोणी मारला, हे मिरवणुकीत कोणी विचारत नाही.

हे सगळं वाचून वीरगळ म्हणजे शांततेचा दगड असं कोणी म्हणालं तर मी लगेच हात आखडता घेईन. त्याला काळी बाजू आहे आणि ती झाकता येत नाही. अप्सरांची ती चौकट शोक करणाऱ्यांचं सांत्वन करते, हे खरं. पण तीच चौकट गावातल्या पुढच्या पोराला सांगते की लढून मेलास तर तुलाही हेच मिळणार. सैन्यभरतीची जाहिरात दगडात असती तर यापेक्षा वेगळी दिसली नसती. रक्त, ओरडा, कुजणारं अंग, मागे राहिलेलं कर्ज, यातलं काहीच चौकटीत नाही.

आणि वीरगळाच्या शेजारी पुष्कळदा दुसरा दगड असतो. त्यावर कोपरातून दुमडून वर केलेला एक हात, मनगटात बांगड्या. ती सतीशिळा. वीर गेला, त्याच्यामागे त्याची बायको चितेवर गेली, म्हणून तो हात. बांगड्या अखंड आहेत, म्हणजे ती विधवा झाली नाही असं दगड सांगतो. युद्धाची आठवण सुंदर करण्याची किंमत ती बाई देऊन गेली. तिच्या चेहऱ्याचीही गरज कोरणाऱ्याला वाटली नाही, हात पुरला. वीरगळाचं कौतुक करताना त्या हाताकडे न पाहता पुढे जाणं मला जमत नाही.

नाव नसण्याचा प्रश्नही इथेच उलटा होतो. ज्याच्या घराण्याची नावं पोथ्यांत, ताम्रपटांत, बखरींत आहेत, त्याने दगडावर नाव नाही घातलं तर काही बिघडत नाही. पण ज्याचं नाव कुठेच लिहिलं गेलं नाही, त्याचं काय?

साताऱ्याच्या किंवा कोकणाच्या एखाद्या जुन्या गावात चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेली लहानशी फरशी कधी पाहिली आहे का? पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने बसवलेली. तिच्यावर या गावातून इतकी माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच कोरलेलं असतं. आकडा आहे, नावं नाहीत. वीरगळात नाव नसलं तरी निदान माणूस कोरलेला होता, त्याची तलवार होती, त्याचा घोडा होता. फरशीवर फक्त बेरीज आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना त्या बेरजेतली नावं तोंडपाठ असत, नंतर तीही गेली.

याच्या उलट टोकाला भीमा कोरेगावचा जयस्तंभ. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत. एकूण 49 नावं, त्यातली 22 ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. उभा केला कंपनी सरकारने, स्वतःच्या विजयासाठी. पण 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थ पालटला. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं जात नव्हतं त्यांच्या पूर्वजांची नावं एका सरकारी दगडावर सन्मानाने होती, आणि ती वाचता येत होती. आज तिथे लाखोंनी लोक येतात ते साम्राज्याचा विजय साजरा करायला येत नाहीत. त्याच जागेवरून वादही झाले, 2018 मध्ये हिंसाही झाली. दगडाने सगळ्यांना एकत्र आणलं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण नावं खोडून मिळणारी शांतता त्या माणसांकडे मागणं हाही अन्यायच आहे. माझं मत सरळ आहे. ज्याचं नाव आधी लिहिलं गेलं त्यालाच ते विसरण्याची चैन परवडते.

नाव लिहूनही वैर न जपणारं स्मारक असू शकतं का? असू शकतं, आणि ते मोहनेकरांच्या रोजच्या लोकल मार्गावर आहे. आंबिवलीहून सीएसएमटीला जाताना शेवटच्या आधीचं स्टेशन मशीद. फास्ट गाडी तिथे थांबत नाही, म्हणून आपल्यातले बहुतेक आयुष्यभर ते खिडकीतून बघत पुढे जातात. स्टेशनाजवळ खलाशांसाठीची जुनी वास्तू आहे, इंडियन सेलर्स होम. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे. बोटींच्या भट्टीत कोळसा घालणारे, दोर ओढणारे, स्वयंपाक करणारे. त्यात कोकणातल्या दाल्द्यांपासून भंडाऱ्यांपर्यंत कोणकोणत्या घरांचे लोक असतील याचा अंदाज रत्नागिरीच्या कुठल्याही खलाशी कुटुंबाला बांधता येईल. टॉर्पेडो आला, बोट बुडाली, देह मिळाला नाही. एकसरच्या दगडावर पाण्यात पडणारी माणसं आठवा. साडेसहाशे वर्षांनंतर त्याच समुद्राच्या लोकांचं तेच मरण, फक्त या वेळी नावं लिहून ठेवली.

दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या खलाशी आणि नौसैनिकांसाठी मात्र भिंतीऐवजी नोंदवही केली गेली. जवळजवळ साडेसहा हजार नावं. आणि त्या नोंदवहीच्या दोन हुबेहूब प्रती झाल्या. एक मुंबईला याच सेलर्स होममध्ये, दुसरी चितगावच्या युद्ध-दफनभूमीत. ही माणसं मेली तेव्हा मुंबई आणि चितगाव एकाच देशात होती. पुढे फाळणी झाली, चितगाव पाकिस्तानात गेलं, 1971 च्या युद्धानंतर बांगलादेशात. तीन देश झाले, यादी एकच राहिली. सिल्हेटचा खलाशी मुंबईच्या वहीत आहे आणि दापोलीचा चितगावच्या. एका देशाने पान फाडलं तरी दुसरीकडे ते शाबूत आहे. समेटासाठी कोणी परिषद भरवली नाही, भाषणं केली नाहीत, दोन पुस्तकं बांधून दोन शहरांत ठेवली. युद्धानंतरच्या स्मरणाची इतकी नेमकी कल्पना मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

युरोपात पहिल्या महायुद्धानंतर एक बाई याच प्रश्नाशी झुंजत होती. जर्मन शिल्पकार केटे कोलवित्झ. तिचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर 1914 मध्ये, युद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नसताना, बेल्जियममध्ये मारला गेला. तिने त्याचं स्मारक करायला घेतलं ते 1932 साली पुरं झालं. आधी तिच्या मनात मुलाची आकृती होती. शेवटी तिने ती काढून टाकली आणि उरले गुडघ्यांवर बसलेले आई-बाप, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, एकमेकांना न शिवणारे. बापाच्या मिठी मारलेल्या हातांत कोणी नाही. वीरही नाही, शत्रूही नाही, अप्सरा तर नाहीतच. आज ही शिल्पं फ्लाडस्लो इथल्या जर्मन दफनभूमीत आहेत, म्हणजे ज्या देशावर जर्मनीने आक्रमण केलं त्याच देशाच्या मातीत. आपल्या सतीशिळेवर चेहरा नसलेला हात होता. कोलवित्झने मागे राहिलेल्या बाईला अख्खी कोरली, आणि तिला जिवंत ठेवली. वीरगळ कोरणाऱ्यांच्या हातून जे राहून गेलं ते तिने केलं असं मला वाटतं.

मोहन्याला परत यायला हवं, कारण नदीच्या पलीकडे शहाडला लागून एक अख्खं शहर युद्धाच्या सामानातून उभं राहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेला कल्याण कॅम्प. युद्ध संपलं, छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधहून आलेले निर्वासित उतरले. 1949 साली त्या वस्तीला नाव मिळालं ते याच नदीवरून, उल्हासनगर. या माणसांपाशी दगड नव्हता. मेलेले मागे राहिले, गाव मागे राहिलं, स्मारक उभारायला ना जागा ना पैसा. त्यांनी जे वाहून आणता येतं ते आणलं, गाणं आणि देव. प्रा. राम पंजवानी मटका वाजवत सिंधी गाणी गात विखुरलेल्या लोकांना एकत्र करत राहिले, झुलेलालचा उत्सव त्यांनी नव्याने उभा केला. आणि झुलेलाल कोण? सिंधमध्ये उडेरोलालला त्याचं ठाणं आहे आणि तिथे हिंदूही जातात, मुसलमानही जातात. ज्यांच्यामुळे घर सुटलं त्यांच्याशी वाटून घेतलेला देव या लोकांनी आपली ओळख म्हणून निवडला. रागाला कारणं भरपूर होती. तरी झुलेलालच्या त्या उत्सवात, चेटीचंडच्या मिरवणुकीत नाचतात ते नदीच्या देवासाठी.

एवढं वाचल्यावर वाचकांना एक काम सांगतो. तुमच्या गावी, आजोळी, सासरी वीरगळ असणारच. पुढच्या वेळी जाल तेव्हा तो शोधा. ऑइलपेंट लावलेला असेल तर खरवडायला जाऊ नका, दगड सोलून निघतो. देवळाच्या जीर्णोद्धारात तो सिमेंटमध्ये पक्का करायचं ठरत असेल तर थांबवा, खालची चौकट जमिनीत जाते आणि नेमकी लढाईच गडप होते. तो उचलून ‘सुरक्षित’ ठिकाणीही नेऊ नका. ज्या बांधावर, ज्या वेशीवर तो उभा आहे ती जागा हाच त्याचा अर्धा मजकूर असतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो काढा. चौकटी मोजा, गाई आहेत का, घोडा आहे का, जहाज आहे का, शेजारी बांगड्यांचा हात आहे का ते टिपून ठेवा. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की या दगडाला काय म्हणतात, पूजा कोणाच्या घराकडे आहे आणि कुठल्या दिवशी असते. हे सगळं तारीख घालून वहीत लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवा. आणि भिंतीत ती महायुद्धाची फरशी सापडली, तर तिच्यातल्या आकड्यामागची जेवढी नावं गावात कोणाला आठवत असतील तेवढी याच वर्षी लिहून घ्या. सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.